अंगावरचा डाग: मलम लावण्याआधी काय बघाल?

कातडीच्या तक्रारींबद्दल वाचकांची पत्रं येतात, त्यांत दोन वाक्यं पुन्हा पुन्हा भेटतात. एक म्हणजे ‘मेडिकलमधून ट्यूब आणून लावली, आधी बरं वाटलं, आता मात्र जास्तच पसरलंय.’ आणि दुसरं, बहुधा घरातल्या मुलीबद्दल काळजीनं विचारलेलं, ‘हे कोड तर नाही ना?’ या दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. डाग दिसला की आपण त्याला लगेच नाव देतो आणि त्या नावाचं औषध सुरू करतो. नाव देणं डॉक्टरांवर सोडा. तुमचं काम त्याआधीचं आहे. डाग नीट बघायचा, तो कधी, कुठे आणि कसा आला हे लक्षात ठेवायचं, आणि कुठल्या डागासाठी थांबलं तर चालतं व कुठल्यासाठी आजच निघायला हवं हे ओळखायचं. हा लेख त्यासाठी आहे.

बघायचं कसं?

रंगावर भिस्त ठेवू नका. इंटरनेटवरची त्वचारोगांची बहुतेक छायाचित्रं गोऱ्या माणसांची असतात. त्यांत जे लालभडक दिसतं, ते आपल्या सावळ्या कातडीवर जांभळट, तपकिरी किंवा नुसतं काळपट दिसतं. म्हणून ‘लाल नाही, म्हणजे सूज नाही’ असं समजू नका. हात लावून बघा. तिथे कातडी गरम, जाड किंवा उंचावलेली लागते का?

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसा आणि या गोष्टी तपासा:

- कड: डागाची कड रेघ मारल्यासारखी स्पष्ट आहे की आजूबाजूच्या कातडीत विरघळते?
- पृष्ठभाग: नखानं हलकेच खरवडल्यावर कोंडा पडतो का? भुकटीसारखा की जाड पापुद्र्यांचा?
- जागा: कोपर-गुडघ्यांच्या बाहेरच्या बाजूला आहे की आतल्या घडीत? शरीराच्या एकाच बाजूला की दोन्हीकडे?
- खाज: आहे का? रात्री वाढते का? घरात आणखी कुणाला आहे का?
- दाब: लाल ठिपक्यांवर काचेचा पारदर्शक पेला दाबा. ठिपके फिके पडले तर बरं. तसेच राहिले, तर कातडीखाली रक्त उतरलेलं असू शकतं.
- संवेदना: डागावर स्पर्श कळतो का? याची पद्धत पुढे दिली आहे.

पहिल्याच दिवशी फोटो काढा. एक जवळून, शेजारी नाणं ठेवून, आणि एक जरा लांबून, म्हणजे जागा कळेल. डॉक्टरांकडे जाईपर्यंत पुरळ कधी कधी नाहीसं होतं. अंगावर पित्त उठतं तेव्हा तर हे नेहमीच होतं, कारण त्यातली प्रत्येक गांधी साधारण चोवीस तासांच्या आत मावळते आणि दुसरी दुसरीकडे उठते. फोटो असेल तर निदान सोपं जातं.

पांढरा डाग: चार शक्यता, चार वेगळ्या वाटा

सर्वांत जास्त घबराट याच डागानं होते, म्हणून इथे जरा थांबू या.

मुलांच्या गालांवरचे फिकट चट्टे. शाळकरी मुलांच्या गालांवर पुसट कडांचे, किंचित खरखरीत, फिकट डाग येतात. उन्हानं आजूबाजूची कातडी काळवंडली की ते जास्त उठून दिसतात. ‘पोटात जंत आहेत’, ‘कॅल्शियम कमी आहे’ असं सांगून अशा मुलांना औषधं पाजली जातात. या डागांचा जंतांशी किंवा कॅल्शियमशी संबंध नाही. ही कोरड्या कातडीची सौम्य तक्रार आहे. साधं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावत राहा. काही महिन्यांत रंग परत येतो.

शिबं. मान, छाती, पाठ आणि दंडावर छोटे छोटे फिकट किंवा तपकिरी ठिपके येतात, एकमेकांत मिसळून नकाशा होतो, आणि नखानं खरवडलं की बारीक भुकटी पडते. घाम आणि दमटपणा वाढला की कातडीवर एरवीही राहणारी एक बुरशी फोफावते, त्यातून हे होतं. उपचार सोपा आहे. मात्र एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. बुरशी मेली तरी रंग परत यायला कित्येक आठवडे लागतात. डाग दिसतोय म्हणजे औषध लागू पडलं नाही असं समजून औषधं बदलत बसू नका. कोंडा पडायचा थांबला का, हे बघा.

कोड. हा डाग फिकट नसतो, पूर्ण पांढरा असतो. कड स्पष्ट, कोंडा नाही, कातडी बाकी अगदी निरोगी. ओठ, बोटांची टोकं, डोळ्यांभोवती, गुडघे, घोटे या जागी तो जास्त दिसतो. डागावरचे केसही कधी पांढरे होतात. स्पर्श मात्र पूर्ण कळतो. कोड संसर्गजन्य नाही. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर हल्ला करते, म्हणून रंग जातो. मासे खाऊन वर दूध प्यायल्यानं कोड होतं या समजुतीला आधार नाही. थायरॉइडच्या तक्रारी कोड असलेल्यांत जास्त आढळतात, म्हणून ती तपासणी करून घ्या.

कोडावर उपाय नाही असं म्हणणारे आणि ‘तीन महिन्यांत मुळापासून घालवतो’ म्हणणारे दोघेही तुमचं नुकसान करतात. मलमं आहेत, विशिष्ट तरंगलांबीच्या अतिनील किरणांचे उपचार आहेत, आणि डाग बराच काळ स्थिर राहिले असतील तर कातडीरोपणही करता येतं. सुरुवातीच्या, पसरत्या काळात गेलात तर फायदा जास्त होतो. चेहऱ्यावर उपचार चांगले लागू पडतात, बोटांच्या टोकांवर आणि ओठांवर कमी. हे आधीच कळलेलं असलं की निराशा टळते. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन कोड असलेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी काम करते. उपचारांइतकीच अशा सोबतीची गरज असते.

बायकांनी आणखी एक गोष्ट तपासावी. पांढरा डाग बरोबर कपाळावर टिकलीच्या जागी आहे का? काही चिकट टिकल्यांच्या गोंदात असं रसायन असतं की त्यानं रंगपेशी मरतात. रबरी चपलेच्या पट्ट्याखालीही असंच होऊ शकतं. ती वस्तू तत्काळ बंद करा. उशीर केला तर डाग त्या जागेपलीकडेही पसरू शकतो.

कुष्ठरोग. याची भीती सर्वांत मोठी आणि माहिती सर्वांत कमी. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा पांढराफेक नसतो. तो फिकट किंवा लालसर-तांबूस असतो, कोरडा असतो, त्यावर घाम कमी येतो आणि केस विरळ होतात. तो खाजत नाही, दुखत नाही. माणूस वर्षभर दुर्लक्ष करतो ते यामुळेच. घरी अशी तपासणी करा:

१. कापसाची बारीक वात करा. आधी निरोगी कातडीवर टेकवून ‘असं जाणवलं की बोट ठेवायचं’ हे त्या व्यक्तीला समजावून सांगा.

२. मग डोळे मिटायला सांगा. वात डागावर आणि डागाबाहेर, आलटून पालटून, नुसती टेकवा. घासू नका.

३. जिथे टेकवलं तिथे ती व्यक्ती अचूक बोट ठेवते का ते बघा. डागावर वारंवार चुकत असेल किंवा काहीच कळत नसेल, तर याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

सुई टोचून बघू नका. आणि स्पर्श कळला म्हणजे कुष्ठरोग नाहीच, असंही ठरवू नका. एका प्रकारात डाग बधिर नसतात. त्यात कातडी तुकतुकीत होते, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया बाहेरच्या टोकाकडून झडतात, अंगावर गाठी येतात. चेहऱ्यावरच्या डागात तर स्पर्श बराच काळ शाबूत राहू शकतो. हाताची करंगळी वाकडी होणं, तळव्याला मुंग्या येणं, चालताना चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, डोळा पूर्ण न मिटणं या खुणा दिसल्या तर अंगावर डाग असो वा नसो, दाखवलंच पाहिजे.

कुष्ठरोग बरा होतो. बहुविध औषधोपचाराची पाकिटं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. चट्टे पाचपर्यंत असतील आणि रोग सौम्य प्रकारचा असेल तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना संसर्ग होण्याची भीती उरत नाही, त्यामुळे त्याचं अंथरूण-भांडं वेगळं करण्याचं कारण नाही. औषधानं लघवी लालसर होते, घाबरू नका. कातडी काळवंडते, तीही नंतर उजळते. मात्र पहिल्या दोन महिन्यांत ताप येऊन अंगभर पुरळ उठलं, किंवा डाग एकदम सुजून लाल झाले, नसा ठणकू लागल्या, हाताची ताकद कमी झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. नसांची ही सूज वेळेत उतरवली तर व्यंग टळतं.

गोल, खाजरा चट्टा आणि मेडिकलची ट्यूब

जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टा. कड उंचावलेली, तिच्यावर बारीक पुटकुळ्या किंवा कोंडा, मधला भाग त्यामानानं साफ. घाम आला की खाज असह्य. हे गजकर्ण किंवा नायटा. बुरशीचा आजार आहे, आणि गेल्या काही वर्षांत तो हट्टी झाला आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी बुरशी आपल्याकडे पसरली आहे.

हट्टीपणाला आपणही हातभार लावला आहे. दुकानात ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटलं की बहुतेकदा तीन-चार औषधं एकत्र केलेलं मलम हातात पडतं. त्यात बुरशीविरोधी औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडनं खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, आणि बुरशी मात्र आत आरामात वाढते. मलम थांबवलं की चट्टा दुप्पट होऊन परततो आणि त्याचा गोल आकारही हरवतो. मग डॉक्टरांनाही ओळखायला जड जातं. जांघेत महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि पोटावर बाळंतपणानंतर दिसतात तशा रेघा मांड्यांवर उमटतात. त्या रेघा जात नाहीत. चेहरा उजळावा म्हणून हीच मलमं लावणाऱ्या मुलींचा चेहरा उन्हात जायची सोय राहत नाही इतका लाल होतो, केस उगवतात, पुटकुळ्या येतात.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी कुठलंही नाव असेल, तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं अनुसूची ‘एच’मध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. दुकानदारानं न मागता दिली तरी तुम्ही नाकारू शकता, आणि नाकाराच. स्टेरॉइड वाईट औषध नव्हे. इसबावर, सोरायसिसवर तेच उपयोगी पडतं. फक्त कुठलं, किती दिवस आणि कुठे, हे ठरवायला डॉक्टर लागतो.

गजकर्ण असेल तर औषधाइतकंच हे पाळा: चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध चालू ठेवा. घरात ज्यांना ज्यांना आहे त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्या. टॉवेल वेगळा ठेवा. पावसाळ्यात अर्धवट ओले कपडे घालू नका, आतले कपडे इस्त्री करून घाला. घट्ट जीन्स काही महिने बाजूला ठेवा. आणि कमरेचा करदोटा काढा. कायम ओला राहणारा तो दोरा बुरशीला आसरा देतो. श्रद्धेचा प्रश्न असेल तर जुना टाकून, बरं झाल्यावर नवा बांधा.

गोल चट्टा म्हणजे नेहमी गजकर्णच असंही नाही. कोपर, गुडघे, कंबर आणि डोक्यात जाड, चंदेरी पापुद्र्यांचे, स्पष्ट कडांचे चट्टे असतील, नखांवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील, तर सोरायसिसची शक्यता मोठी. हा कुणाला लागत नाही. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण सोरायसिसचा सांध्यांचाही आजार असतो. सोरायसिससाठी स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं घेऊन ती एकदम बंद केली तर अंगभर पू भरलेल्या पुटकुळ्या येऊन माणूस गंभीर आजारी पडू शकतो. ‘एका इंजेक्शनात साफ’ अशा जाहिरातींपासून सावध राहा. उलट कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत, लहानपणापासून, ओलसर किंवा कोरडं खाजणारं असेल, घरात दमा किंवा सर्दीची ॲलर्जी असेल, तर ते बहुधा इसब.

शेतकऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आलेलं गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, आता सर्वत्र आहे. त्याचे कण हवेतून उडून पापण्या, मान, कोपराच्या घडीत बसतात. कातडी जाड, काळी, भेगाळ होते. गवत फुलोऱ्यात असताना त्रास वाढतो आणि गाव सोडलं की कमी होतो, अशी नोंद असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. उपटताना पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला.

रात्रीची खाज

दिवसा ठीक, पांघरुणात शिरलं की खाज. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, जननेंद्रियांवर बारीक पुटकुळ्या. घरातले आणखी दोघं-तिघं खाजवतायत. ही खरूज. ती डोळ्यांना न दिसण्याइतक्या बारीक किड्यांमुळे होते आणि अस्वच्छतेशी तिचा संबंध जोडून कुणाला लाजवू नये. वसतिगृहात, संयुक्त कुटुंबात, कुणालाही होते.

उपचार फसतो तो लावण्याच्या पद्धतीत. डॉक्टरांनी दिलेलं परमेथ्रिनचं मलम खाजेच्या जागी लावायचं नसतं. हनुवटीखालपासून तळव्यांपर्यंत, नखांखाली, बेंबीत, सगळीकडे लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी धुवायचं, आणि साधारण आठवड्यानं पुन्हा एकदा. खाज नसलेल्यांनीही त्याच रात्री लावायचं, कारण पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला महिनाही लागतो. कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन-चार दिवस बांधून ठेवा. किडे मेल्यावरही खाज दोन-तीन आठवडे रेंगाळते. तेवढ्यासाठी रोज रोज मलम लावू नका. तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला काय लावायचं, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच.

पाण्याचे फोड

नागीण. आधी दोन-तीन दिवस एका बाजूला आग, टोचणी, कधी छातीत दुखल्यासारखं. मग त्याच पट्ट्यात फोडांचे झुबके. पट्टा शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतो, कारण कांजिण्यांचा जुना विषाणू एकाच नसेत जागा झालेला असतो. नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. तिच्या भीतीनं लोक मंत्र टाकणाऱ्याकडे आणि गेरू लावायला जातात आणि औषधाची वेळ हुकते. विषाणूवरच्या गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सर्वांत चांगला उपयोग होतो. म्हाताऱ्या माणसांना फोड वाळल्यानंतरही महिनोन् महिने छळणारी वेदना हा खरा धोका आहे. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. फोड वाळेपर्यंत गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांपासून लांब राहा. पन्नाशीपुढच्यांसाठी लस आहे, तिच्याबद्दल विचारा.

पावसाळ्यात सकाळी उठल्यावर मानेवर किंवा गालावर लाल, आग होणारी रेघ दिसली, आदल्या रात्री दुखत नव्हतं, तर ती नागीण नव्हे. दिव्याला येणारा लाल-काळा, लांबट किडा अंगावर चिरडला गेला की त्याच्या रसानं असं भाजतं. साबणानं धुवा, आणि पुढच्या वेळी किडा चिरडू नका, फुंकून उडवा. बिब्बा लावल्यानंही असेच काळपट, फोडांचे व्रण होतात. सांधेदुखीवर किंवा मुरगळल्यावर कुणी बिब्बा लावायला सांगितलं तर नको म्हणा.

पेम्फिगस. हा दुर्मीळ, पण ओळखता येण्याजोगा. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाचं तोंड येतं आणि तीन आठवडे झाले तरी बरं होत नाही. ‘उष्णता झाली’ म्हणून गुलकंद आणि बी-कॉम्प्लेक्सवर महिने जातात. मग अंगावर लिबलिबीत फोड येतात, ते पटकन फुटतात आणि खालची कातडी उघडी पडते. उपचार नव्हते तेव्हा हा रोग बहुतेक रुग्णांचा जीव घेई. आज बहुतेकांना आटोक्यात ठेवता येतो, पण तपासणी लवकर व्हावी लागते. तीन आठवड्यांत बरं न झालेलं तोंड, कारण काहीही असो, दाखवायलाच हवं. तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच.

काळे डाग आणि न भरणाऱ्या जखमा

मान, काखा काळ्या आणि मखमली जाड झाल्या असतील तर घासून, लिंबू लावून जाणार नाहीत. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. साखर तपासा, वजनाकडे बघा. बारीक अंगकाठीच्या, उतारवयातल्या माणसाला हे अचानक आणि झपाट्यानं झालं तर मात्र पोटाच्या तपासण्या लागतात.

मस किंवा तीळ सगळ्यांनाच असतात. वाढणारा, दोन-तीन रंगांचा, वेड्यावाकड्या कडेचा, रक्त येणारा तीळ दाखवा. आपल्या लोकांत कातडीचा घातक काळा कर्करोग झालाच तर तळपाय, तळहात आणि नखाखाली जास्त होतो, जिथे आपण बघतच नाही. पायाच्या एकाच नखात काळी उभी रेघ आली, ती रुंद होत गेली आणि शेजारच्या कातडीत उतरली, तर ठेच लागली असेल म्हणून सोडू नका.

कमरेकडेही बघा. १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतर घट्ट नेसणाऱ्यांच्या कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. पुढे परकराच्या नाडीखाली बायकांनाही तो होतो हे दिसून आलं. वर्षानुवर्षं एकाच जागी नाडी काचली की तिथे काळं पडतं, मग खरचटतं, मग जखम भरत नाही. नाडीऐवजी रुंद पट्टा लावा, रोज जागा वरखाली करा, घरात सैल कपडे घाला. महिनाभरात न भरलेली जखम, मग ती कमरेची असो वा जुन्या भाजलेल्या व्रणावरची, तिचा तुकडा तपासायला देणं गरजेचं आहे. तुकडा काढल्यानं कर्करोग पसरतो असं म्हणून पुष्कळ जण टाळतात. तसं होत नाही.

पावसाळ्यानंतर, गवतात-झुडपांत वावरल्यावर कडक ताप आला आणि काखेत, जांघेत किंवा स्तनाखाली न दुखणारी काळी खपली दिसली, तर स्क्रब टायफस आठवा. २०१८ मध्ये विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. योग्य प्रतिजैविकानं ताप लवकर उतरतो, पण खपली कपड्यांखाली लपलेली असते आणि रुग्ण ती स्वतःहून दाखवत नाही. घरच्यांनी बघा आणि डॉक्टरांना दाखवा.

क्वचित दिसणाऱ्या, पण विसरू नयेत अशा खुणा

- लहान मुलाच्या अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग: नसांवर गाठी येणारा आनुवंशिक आजार असू शकतो.
- दोन वर्षांच्या आतल्या बाळाच्या चेहऱ्यावर काळे ठिपके आणि उजेडात डोळे न उघडणं: उन्हापासून काटेकोर जपावं लागतं, नाहीतर लहान वयातच कातडीचे कर्करोग होतात.
- जन्मतः किंवा नुसत्या घासण्यानं फोड येणारं बाळ: चिकटपट्टी लावू नका, काखेत धरून उचलू नका, मोठ्या रुग्णालयात न्या.
- वरच्या पापण्या जांभळट सुजलेल्या, बोटांच्या पेरांवर चट्टे, आणि जिना चढायला किंवा मांडी घालून बसल्यावर उठायला त्रास: स्नायूंचा आजार.
- दोन्ही गालांवर आणि नाकावर पुरळ, उन्हात वाढणारं, सोबत सांधेदुखी, केस गळणं, ताप: रक्त आणि लघवी तपासा.
- थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं आणि हाताची कातडी ताठ होत जाणं.

रात्र असली तरी निघा

- नवीन औषध सुरू केल्यापासून महिना-दीड महिन्यात ताप, डोळे लाल, ओठ-तोंड सोललेलं, कातडी दुखरी आणि काळपट चट्टे. फिट्सच्या गोळ्या, संधिवातासाठी युरिक ॲसिड कमी करणारी गोळी, सल्फायुक्त औषधं यांनी हे होऊ शकतं. औषध थांबवा, सगळी पाकिटं सोबत घ्या.
- पित्ताच्या गांधींबरोबर ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, श्वास घ्यायला त्रास. आमसुलाचं पाणी लावत बसू नका.
- तापात उठलेले ठिपके, जे पेला दाबूनही फिके पडत नाहीत.
- पाय झपाट्यानं सुजून गरम होणं आणि दिसतं त्याहून कितीतरी जास्त दुखणं, विशेषतः मधुमेह असेल तर.

महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

दवाखान्यात जाताना आणि तुमचे हक्क

आतापर्यंत लावलेली प्रत्येक ट्यूब, अर्धी संपलेलीसुद्धा, पिशवीत घालून न्या. झाडपाल्याचं औषध किंवा शेजारणीनं दिलेलं मलम असेल तर तेही सांगा. जाण्याआधी डागावर हळद, तेल, पावडर काही लावू नका. जांघेतली किंवा स्तनाखालची तक्रार सांगताना संकोच वाटला तर बाई डॉक्टर किंवा सोबत परिचारिका मागा, हे तुम्ही मागू शकता. जिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग असतो. लांब असाल तर ई-संजीवनीवर मोफत दूरसल्ला मिळतो, तिथे तुमचे फोटो कामी येतील.

तुमच्या डागांचे फोटो डॉक्टरांनी काढायचे तर तुमची संमती घ्यावी लागते. तुमच्या उपचारांची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवीत. चिठ्ठीवर औषधाचं नाव वाचता येत नसेल तर पुन्हा लिहून मागा. नाव नसलेल्या डबीतलं मलम घेऊ नका.

कुष्ठरोगाबद्दल कायदा बदललेला आहे, ते पुष्कळांना माहीत नसतं. १८९८ चा कुष्ठरोग्यांना वेगळं डांबणारा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. २०१९ मध्ये विवाह आणि घटस्फोटाशी संबंधित पाच कायद्यांतून घटस्फोटाचं किंवा वेगळं राहण्याचं कारण म्हणून असलेला कुष्ठरोगाचा उल्लेख काढला गेला. या कारणानं घटस्फोट मागितला जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत सल्ल्यासाठी जा. बरा झालेल्या पण व्यंग राहिलेल्या माणसाला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र मिळतं आणि सरकारी नोकरीतल्या दिव्यांगांसाठीच्या राखीव जागांवर हक्क सांगता येतो. घरात रुग्ण असेल तर सोबत राहणाऱ्यांची तपासणी आणि प्रतिबंधक औषधाचा एक डोस सरकारी केंद्रात मोफत असतो. आशाताई सर्वेक्षणाला आल्या की दारातूनच ‘आमच्याकडे कुणाला काही नाही’ असं सांगून त्यांना परत पाठवू नका. त्यांना पाठ दाखवा. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, आणि बरेच चट्टे तिथेच असतात.